धुरीवाल्याचा शब्द

किल्डारिन, आयला बेट
३ मार्च १९५८

प्रिय लॅकी,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघं खुशाल आहोत, तूही असशील असं धरून चालते.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात पाहुण्यासारखी करते आहे, म्हणून हसशील. हस. तुझा पत्ता कॉलिन गिलेस्पीनं दिला. तो मागच्या पंधरवड्यात कॅनडाहून आईला भेटायला आला आणि तिसऱ्याच दिवशी आमच्याकडे चहाला टपकला. डोक्यावर ही एवढी टोपी, आणि बोलणं असं, की हॅमिल्टन शहर त्यानंच वसवलं आणि उरलेल्या वेळात रेल्वे टाकली. मी त्याला म्हटलं, 'कॉलिन, तुझ्या आईच्या घराचं दार अजून दोरीनं बांधलंय, आधी ते बसव.' तेव्हा कुठे जरा खाली आला.

इकडचं म्हणशील तर जानेवारीच्या वादळात धुरीघराच्या छपराच्या फरशा उडाल्या. अर्ध्या खाडीत गेल्या, एक चर्चच्या अंगणात सापडली. यंदाचे सातू मुख्य भूमीवरून आले, ते बोटीतच भिजले होते, त्यामुळे धड मोड येईना. जमिनीवर पसरून माणसं दिवसातून चारदा लाकडी फावड्यांनी परतत होती, तरी खालचा थर चिकटायचा. पीट, म्हणजे आपली ती जळणाची काळी माती, कापायला एप्रिलच्या अखेरीस दलदलीवर जायचं ठरलंय. मागच्या वर्षीच्या विटा पावसानं नीट वाळल्याच नाहीत, म्हणून सातूंच्या धुरीला तीच ओली काळी ढेकळं चालली आहेत. धूर भरपूर, आच नाही.

व्हिस्कीच्या भांड्यांवर तुझ्या जागी आलेला माणूस अजून आहे. धार कधी तोडायची, ते तो घड्याळ बघून ठरवतो. खरं सांगते, घड्याळ बघून! पहिली धार इतकी मिनिटं, मग मधली चांगली धार पिंपात, मग शेवटची धार परत भांड्यात, सगळं वहीत लिहिलेलं. तांब्याच्या भांड्याजवळ उभं राहून नाक वर केलेलं त्याला कुणी पाहिलं नाही. बाबा असते तर त्यांनी ते घड्याळ आणि तो माणूस दोन्ही खाडीत टाकलं असतं. पण कारखान्याच्या ग्रीव्हसाहेबांना ती वही फार आवडते.

कारखान्यात सकाळी अकराचा दारूचा घोट अजून मिळतो. माणसं तशीच रांग लावतात, तोच शिंगाचा पेला.

उनाला तू पाहिलं नाहीस. जानेवारीत सहा पुरी झाली. हट्टी आहे, म्हणजे आपल्यावर गेली. परवा दुधाचा पेला तोंडाला लावायच्या आधी हुंगून म्हणाली, 'आई, गाय नव्या कुरणात गेली का?' आणि खरंच त्या दिवशी गाय चर्चमागच्या कुरणात सोडली होती. फिन्ले लेकीकडे बघत राहिला, मग उठून बाहेर गेला.

फिन्ले बरा आहे. धुरीघरातच असतो. बोलणं फार कमी झालंय, रविवारी चर्चमध्ये स्तोत्रंही म्हणत नाही, नुसते ओठ हलवतो. वय झालं असेल. बेचाळीस म्हणजे काही वय नव्हे म्हणा.

कॉलिननं तुझ्याबद्दल काही काही सांगितलं. उना तिथंच ओटची भाकरी खात बसली होती, म्हणून मी त्याला फार खोदून विचारलं नाही. तू साबणाच्या कारखान्यात फरशा धुतोस म्हणे. नाताळला त्यानं तुला किल्डारिनची बाटली दिली, तू बूचसुद्धा काढलं नाहीस. म्हणालास, 'माझ्या नाकावर माझा भरवसा नाही, तूच पी.' दूध घेताना शेजाऱ्याला विचारतोस, नासलंय का. कॉलिन हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

एक विचारायचं होतं. 'साहेब बरोबरच होते, माझंच नाक चुकलं,' हे तू त्याला खरंच म्हणालास का?

याबद्दल मला तुला काही सांगायचंय. पण आता फिन्लेच्या जेवणाची वेळ झाली, बटाटे चुलीवर आहेत, आणि असल्या गोष्टी घाईत लिहू नयेत. पुढच्या पत्रात लिहीन.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील. नुसतं 'पोचलं' लिहिलंस तरी मला पुरे.

तुझी,
एफी


किल्डारिन
११ एप्रिल १९५८

लॅकी,

माझं पत्र परत आलं. जसं चिकटवलं होतं तसंच. वर तुझं अक्षर, 'पाठवणाऱ्याला परत'. पोस्टातल्या जेसीनं ते मला दुकानातल्या चार बायकांसमोर दिलं, म्हणाली, 'तुझ्या भावाला वाचता येत नाही का गं आता?' मी म्हटलं, 'त्याला वाचता येतं, जेसी, आणि तुला गप्प बसता येत नाही.' घरी येऊन मात्र मी पीठ मळायच्या परातीत हात घालून तासभर उभी होते.

तुझा हक्क आहे. उघडायचं नाही तर नको उघडूस. पण हे उघड. मागच्या पत्रात मी छपराबद्दल, सातूंबद्दल आणि गायीबद्दल लिहिलं. लिहायचं होतं ते लिहिलंच नाही. बटाटे चुलीवर नव्हते, लॅकी. मी घाबरले होते.

आता सरळ सांगते. फिन्लेला नाक नाही.

एकावन्नच्या फेब्रुवारीत तो फ्लूनं आजारी होता, आठवतं? ताप गेला आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. मला कळलं ते एका सकाळी. माझ्या हातून लापशी करपली, घरभर धूर, मी दारं उघडते आहे, आणि हा शांतपणे चमचा चाटून म्हणतो, 'आज छान झालीय.' मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? ज्याला धूर कळत नाही त्याला धुरीवर कोण ठेवेल? म्हणून आम्ही एक युक्ती केली. तो रोज दुपारी जेवायला येताना कोटाच्या खिशातून मूठभर सातू आणायचा. मी दार लावायची आणि हुंगायची. 'धूर अजून कोवळा आहे, ओलं पीट घाल.' 'पुरे, आता कोळसा लावून वाळवायला घे.' तो जेवून जायचा आणि मी सांगितलेलं करायचा. बाबांनी तुझ्यापुढे बशा मांडून तुला नाक शिकवलं. मला कोण शिकवणार, मी बशा धुवायला होते. धुता धुता हुंगलं, ते माझं. सात वर्षं किल्डारिनचा धूर मी राखते आहे आणि धुरीघराचा उंबरा मी एकदाही ओलांडलेला नाही. याचा मला अभिमान वाटायचा. आता त्या शब्दाचीही लाज वाटते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, मंगळवार होता, त्यानं आणलेले सातू नाकाशी नेले आणि मी हात लांब केला. धुरासारखाच वास, पण धूर नव्हे. कुंपणाच्या खांबांना फासतात ते काळं तेल. मी म्हटलं, 'फिन्ले, हे काय जाळतो आहेस?' तो धावत गेला. पीटच्या ढिगामागे कुंपणवाल्यांचं पिंप कलंडलं होतं, अर्धं रिकामं. ओल्या पीटवर तो ओलावा डोळ्यांना दिसणार कसा? परत आला तेव्हा त्याच्या हातांना तोच वास. 'किती जाळलंस?' 'काल सकाळपासून.'

तेव्हाच सांगितलं असतं तर एका भट्टीचे सातू फेकून द्यावे लागले असते, एवढंच. डुकरांनीही खाल्ले नसते, पण कुणाचा जीव गेला नसता. पण दोन दिवस त्या पीटमध्ये कोपरापर्यंत हात घालणाऱ्या धुरीवाल्याला वास आला नाही, हे साहेबांना सांगायचं कसं? नाक गेलं म्हटलं की नोकरी गेली, नोकरीबरोबर कारखान्याचं घर गेलं. मला सातवा महिना होता.

फिन्ले कोट घालून निघालाच होता साहेबांकडे. मी दारात आडवी झाले. फिन्ले नव्हे, लॅकी, मी. मी म्हटलं, 'वाफेबरोबर उडून जाईल. दुसऱ्या सातूंत मिसळ आणि गप्प बस.'

तीन आठवड्यांनी तू स्वयंपाकघरात आलास. बूटसुद्धा न काढता. 'एफे, धुराच्या खाली काहीतरी आहे. माझं नाक फिरलंय की तुझ्या नवऱ्याची धुरी?' अगदी याच शब्दांत. फिन्ले ताटातून वर न बघता म्हणाला, 'धुरीत काही नाही.' मी तुला हेरिंग मासा वाढला. तू दाराकडे वळलास आणि म्हणालास, 'तू म्हणतोस तर नसेल.'

दुसरीकडचा कुणीही असता तर नमुना घेऊन साहेबांच्या टेबलावर आपटला असता. तू आपटला नाहीस, कारण तू किल्डारिनचा आहेस. इथं धुराबद्दल शेवटचा शब्द धुरीवाल्याचा. भांड्यांवरचा माणूस त्यावर उलट बोलत नाही, बाबाही कधी बोलले नाहीत. तू आपला शिरस्ता पाळलास आणि स्वतःच्या नाकाला खोटं ठरवून मधली धार पिंपात जाऊ दिलीस. त्या शिरस्त्याच्या आड आम्ही दोघं लपून बसलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. पिंपांतली दारू बिघडलेली निघाली, तेव्हा साहेबांनी कचेरीत फिन्लेला विचारलं, 'सातूंना काही वास होता?' हा म्हणाला, 'मला काही वास आला नाही, साहेब.' त्यात एक अक्षर खोटं नाही. घरी येऊन तो मागच्या भिंतीशी ओकला. साहेबांनी ठरवलं, लॅकी करी जास्तीचा घोट घेऊन पेंगला आणि शेवटची घाण धार चांगल्यात गेली. तू रागानं लाल होऊन माझ्याकडे आलास, तेव्हा मी काय म्हटलं? 'कबूल करून टाक, लॅकी. डोळा लागला म्हण. साहेब आठवड्यात परत घेतील.'

तू माझ्या तोंडाकडे किती वेळ बघत होतास. मला तेव्हा वाटलं, तुला कळलं. आता वाटतं, तू मला विचारत होतास, आपल्याच घरातलं दुसरं नाक म्हणून, की एफी, मी खरंच चुकलो का? आणि मी म्हटलं, कबूल कर.

तू कबूल केलंस. साहेबांनी परत घेतलं नाही. डिसेंबरच्या बोटीनं तू गेलास आणि मी धक्क्यावर आले नाही. पोट दुखतंय असं सांगितलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. कॉलिन त्या दिवशी निघताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, 'आणखी एक आहे, एफी. गेल्या हिवाळ्यात त्याच्या खोलीत गॅस सुटलेला सापडला. घरमालकिणीनं दार फोडलं म्हणून वाचला. तो म्हणतो, मला वास आला नाही, नाकच नाही मला.' कॉलिनला ते खरं वाटलं. मला वाटत नाही. खाडीपलीकडे कुणी मासा भाजला तर तू इकडून सांगायचास, लाकूड कुठलं. तुला वास आला होता. वास येऊनही तू उठला नाहीस.

लॅकी, असं करू नकोस रे. जो दोष तुझा नाहीच, त्याच्यापायी तू मरायचं आणि आम्ही इथं कारखान्याच्या घरात गरम बसायचं? मला झोप नाही, अन्न जात नाही. उना विचारते, 'आई, तू सारखी हात का हुंगतेस?' मी तिला काय सांगू?

फिन्लेला हे पत्र माहीत नाही. त्याला सांगितलं तर तो उठून साहेबांकडे जाईल, आणि अजूनही, हे लिहितानाही, मला या घराची भीती आहे. बघ किती क्षुद्र आहे मी. पण तू 'ये' म्हण, 'सांग' म्हण, मी सांगते. फक्त हे उघड. मला शिव्या द्यायला म्हणून उघड.

एफी


किल्डारिन
१९ मे १९५८

(कार्ड. एका बाजूला बंदराचं चित्र. मजकूर कडेपर्यंत बारीक अक्षरात, शेवटच्या ओळी पत्त्याच्या बाजूला आडव्या.)

लॅकी, दुसरं पत्रही तसंच परत आलं. कार्डाला पाकीट नसतं, हे तुला न उघडता परत करता येणार नाही.

जेसी, तू हे वाचते आहेस, मला ठाऊक आहे. वाच, आणि नेहमीसारखं सगळ्यांना सांग. एकावन्नची ती दारू लॅकीनं बिघडवली नाही. धुरीच्या पीटवर काळं तेल सांडलं होतं. माझ्या नवऱ्याचं नाक फ्लूत गेलंय, त्याला कळलं नाही. मला कळलं आणि मी त्याला गप्प बसवलं. लॅकीनं घरी येऊन विचारलं, आम्ही खोटं बोललो. कबुली त्यानं माझ्या सांगण्यावरून दिली.

फिन्लेला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'माझं नाव घाल, नवरा काय नवरा?' घालते : फिन्ले मॅकअफर. कार्ड टाकायला तोच निघालाय, तिथून सरळ कचेरीत. आज किती वर्षांनी तो बोलला, मीच रडले. नोकरी गेली की अठ्ठावीस तारखेला, घरं सोडायच्या ठरल्या दिवशी, घर सोडावं लागेल. सामान बांधायला घेतलंय. तेव्हा हे परत पाठवू नकोस, इथं घ्यायला कुणी नसेल. पुढचा पत्ता ठरला की कळवीन. तू आलास तर धक्क्यावर विचार, मी तिथं येईन, या वेळी येईन.

हॅमिल्टनच्या घरमालकीणबाई, तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही एकदा दार फोडलंत, तुमचे उपकार कसे फेडू. आता पुन्हा दाराशी जा. तो घेत नसेल तर बाहेर उभं राहून हे मोठ्यानं वाचा, आणि ही ओळ त्यानं ओ देईपर्यंत वाचत राहा : लॅकी करी, तुझं नाक बरोबर होतं.

जिनं तुला खोटं कबूल करायला लावलं,
ती तुझी बहीण